घोडी एक, हंगाम दोन

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. रेसकोर्सवरून आलेली नऊ वर्षांची थरोब्रेड घोडी, तिच्यावर तुम्ही स्वतः इव्हेंटिंग (ड्रेसाज म्हणजे शिस्तबद्ध चाली, क्रॉस-कंट्री म्हणजे मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड, आणि शेवटी मैदानातल्या उड्या, अशी तीन टप्प्यांची स्पर्धा) करता आणि राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोचला आहात. पुरंदरच्या बाजूला घरची शेती, तिथे लहानशी पागा. या घोडीपासून एखाददुसरं शिंगरू घ्यावं, ते घरीच वाढवून तयार करावं, आणि स्पर्धाही थांबू नयेत, असं तुमच्या मनात आहे. 'दोन्हींचा मेळ कसा घालायचा?' असं तुम्ही विचारलंय.

एका घोडीवर एकाच वर्षात हा मेळ बसत नाही. पाळीपाळीने बसतो. अमुक वर्ष खेळाचं, अमुक वर्ष शिंगराचं, हे आधी ठरवावं लागतं आणि ठरलं की त्यात लुडबूड करायची नाही. बहुतेकांचं बिनसतं ते 'या हंगामाच्या शेवटच्या दोन स्पर्धा तेवढ्या करून घेऊ' या मोहाने. घोडी धड स्पर्धेला तयार नसते, धड गाभणही राहत नाही.

कॅलेंडर समोर ठेवा. आपल्याकडे स्पर्धांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. घोडीचा गर्भकाळ सरासरी ३४० दिवस, पण ३२० ते ३६५ पर्यंत कितीही लागू शकतात. हंगाम संपवून मार्चच्या मध्याला घोडी भरवली, तर ती पुढच्या फेब्रुवारीत विते. शिंगराचं दूध पाच-सहा महिन्यांनी तोडायचं, म्हणजे जुलै-ऑगस्ट उजाडला. महिनाभर घोडीला मोकळं सोडून सप्टेंबरात चालीपासून काम सुरू केलं, तर क्रॉस-कंट्रीचा दम परत यायला चार-पाच महिने हवेत. पोटाचे स्नायू सैलावलेले असतात, पाठीवरचं मांस उतरलेलं असतं, आणि टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, तर स्नायूंपेक्षा कितीतरी सावकाश तयार होतात. तोवर दुसराही हंगाम संपत आलेला असतो. थोडक्यात, एका शिंगरापायी दोन हंगाम गेले असंच धरून चाला. मधे एखादी लहान स्पर्धा पदरात पडली तर ती वरकड.

'गाभण घोडी पहिले चार महिने स्पर्धेत उतरू शकते ना?' हे पुष्कळजण विचारतात. अश्वक्रीडेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, म्हणजे एफईआयचा, नियम तसा आहे खरा: चौथ्या महिन्यानंतर, किंवा अंगावर पिणारं शिंगरू असताना, घोडी स्पर्धेत चालत नाही. पण आपल्याकडे या सवलतीचा उपयोग शून्य. मार्चमध्ये भरवलेल्या घोडीचे ते चार महिने एप्रिल ते जुलैमध्ये पडतात, आणि तेव्हा स्पर्धाच नसतात. मग काही हुशार मंडळी सप्टेंबरात घोडी भरवून ऑक्टोबर-नोव्हेंबरात खेळायचा घाट घालतात. तसं करू नका. गर्भ टिकण्याच्या दृष्टीने पहिले चाळीस दिवस सर्वांत नाजूक. त्यातच ट्रकचा लांबचा प्रवास आणि शरीर तापवणारं काम आलं, तर गर्भ गेल्याचं तुम्हाला कळणारही नाही, घोडी नुसती पुन्हा माजावर आलेली दिसेल. टिकलाच, तर शिंगरू ऑगस्टमध्ये जन्माला येणार: चिखल, माश्या आणि ओल, त्यात नाळ वाळायची नाही. दख्खनमध्ये शिंगरू कोरड्या हवेत, फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हावं, हे इथल्या स्टड फार्मांनी पूर्वीच ओळखलं आहे. त्यांना रेसच्या वयाचाही हिशेब असतो, कारण थरोब्रेडचं वय १ जानेवारीपासून मोजतात. आपल्याला ती घाई नाही. इव्हेंटिंगमध्ये घोडं आठव्या-नवव्या वर्षी खऱ्या अर्थाने उमलतं, तिथे जन्माच्या एका महिन्याने काय फरक पडतो?

युरोपात यावर गर्भ-प्रत्यारोपणाचा उपाय आहे. स्पर्धक घोडीला फळवायचं, ओव्ह्युलेशननंतर (बीज सुटल्यावर) सातव्या-आठव्या दिवशी गर्भाशय धुऊन गर्भ काढायचा आणि त्याच सुमारास माज जुळवून ठेवलेल्या दुसऱ्या घोडीत ठेवायचा. पालक-घोडी पोट वाढवते, आपली घोडी काही दिवसांत पुन्हा कामाला लागते. लुसिंडा फ्रेडरिक्स या स्वाराची घोडी 'हेडली ब्रिटानिया' हे यातलं गाजलेलं उदाहरण. या घोडीने २००६ साली बर्ली, २००७ साली बॅडमिंटन आणि २००९ साली केंटकी या इव्हेंटिंगच्या सर्वांत वरच्या स्पर्धा जिंकल्या, आणि स्पर्धेच्या वर्षांतच प्रत्यारोपणाने तिची शिंगरं दुसऱ्या घोड्यांच्या पोटी जन्मली. वाचायला फार छान वाटतं. पण प्रत्येक शिंगरामागे एक जास्तीची घोडी पोसावी लागते, व्हेटच्या (पशुवैद्याच्या) फेऱ्या वाढतात, आणि उष्ण हवेत रोज जोरात काम करणाऱ्या घोड्यांकडून गर्भ मिळण्याचं प्रमाण घटतं हेही दिसून आलंय. आपल्या देशात राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेरच्या शाखेत २०२३ साली मारवाडी घोडीचं पहिलं प्रत्यारोपित शिंगरू, 'राज-प्रथमा', जन्मलं. तंत्र आलेलं आहे. पण पुरंदरमधल्या खाजगी पागेने ते उद्याच्या योजनेत धरावं, इतकं अजून हाताशी आलेलं नाही.

नरांचं गणित सोपं वाटतं, पण फसवं आहे. विल्यम फॉक्स-पिटच्या 'चिली मॉर्निंग'ने २०१५ साली बॅडमिंटन जिंकलं, आणि ते जिंकणारा तो पहिलाच वळू, म्हणजे खच्ची न केलेला नर, ठरला. तिथली स्पर्धा १९४९ पासून चालत आलेली आहे, म्हणजे दर्जेदार वळू टिकवून, शांत ठेवून वरच्या पातळीवर खेळवणं किती दुर्मीळ आहे बघा. लहान पागेत वळू ठेवू नका. घरचं नर शिंगरू असामान्य निघालं तरी मोह आवरून वेळेत खच्ची करा.

आता जो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तो मी विचारतो. हीच घोडी का? 'पाय गेला, आता पैदाशीला लावू' हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की चीड येते. पाय का गेला हे आधी बघा. उडी मारताना ठोकर लागून हाड मोडलं असेल, तर तो अपघात. पण साध्या कामात टेंडन दोनदा सुजलं असेल, खूर पातळ आणि टाच बसकी असेल, किंवा पुढच्या पायाची ठेवणच वाकडी असेल, तर तो वारसा आहे आणि शिंगराकडे जाणार. इव्हेंटिंगच्या घोड्याला ड्रेसाजमध्ये शांत डोकं लागतं, क्रॉस-कंट्रीत दम आणि धाडस, आणि तिसऱ्या दिवशी थकलेल्या अंगाने दांड्या न पाडण्याची काळजी. वरच्या पातळीवर मिनिटाला ५७० मीटर या वेगाने दहा-अकरा मिनिटं धावताना हलके, कोरडे, मजबूत पाय नसतील तर बाकीचे गुण फुकट. तुमची घोडी रेस खेळून, नंतर इतकी वर्षं इव्हेंटिंग करूनही सरळ चालत असेल, तर तीच तिची मोठी पात्रता. तिच्या कागदावर कुणाचं नाव आहे, यापेक्षा मी त्याला जास्त मोल देईन.

वयाचं एक ऐका. 'आधी सोळा-सतराव्या वर्षापर्यंत खेळवू, मग निवृत्तीत शिंगरं घेऊ' हा बेत कागदावर बरा दिसतो. पण कधीच न व्यायलेली म्हातारी घोडी गाभण ठेवणं हे व्हेटच्या डोक्याला तापच असतो. गर्भाशयाचं तोंड माजात नीट सैलावत नाही, आत पाणी साठून राहतं, अस्तर जुनं झालेलं असतं. म्हणून तुमच्यासारख्या घोडीला मी मधेच, म्हणजे नऊ ते बाराच्या दरम्यान, एक शिंगरू घ्यायला सांगतो. ती परत येऊन आणखी काही वर्षं खेळते, आणि निवृत्तीनंतरची शिंगरं त्यामानाने सोपी जातात.

भरवल्यावर १४ ते १६ दिवसांत अल्ट्रासाउंड चुकवू नका. थरोब्रेडमध्ये जुळं राहण्याचं प्रमाण बरंच, आणि घोडीच्या बाबतीत जुळं म्हणजे आनंदाची बातमी नाही. बहुतेक वेळा दोन्ही जातात, तेही आठव्या-नवव्या महिन्यात, कधीकधी घोडीला घेऊनच. सोळाव्या दिवसाच्या आत एक गर्भ व्हेटला हाताने दाबून काढता येतो. नंतर तो गर्भाशयाला चिकटून बसतो आणि काम अवघड होतं.

एकाच पागेत स्पर्धेची घोडी आणि गाभण घोड्या ठेवण्यातला खरा धोका रोगाचा, आणि लोक इथेच सर्वांत गाफील असतात. स्पर्धेच्या ठिकाणी चार राज्यांतली घोडी एका नळावर पाणी पितात. तिथून आलेल्या घोड्याला साधी सर्दी वाटते, पण हर्पिसचा विषाणू असेल तर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही, घरच्या गाभण घोडीचा गर्भ पडतो. २०२१ साली स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या स्पर्धेत हाच विषाणू पसरला, अनेक घोडी दगावली आणि युरोपातल्या कितीतरी स्पर्धा काही आठवडे बंद ठेवाव्या लागल्या. म्हणून बाहेरून आलेलं घोडं तीन आठवडे वेगळ्या खणात, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या बाजूला. त्याची बादली, खरारा, लगाम वेगळा, आणि मोतद्दार एकच असेल तर त्याने गाभण घोड्यांचं काम आधी उरकायचं, मग याच्याकडे यायचं. दोन वेळ ताप बघायचा, ३८.५ अंशांच्या वर गेला की व्हेट. गाभण घोडीला हर्पिसची लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात देण्याचा रिवाज आहे. ती मिळण्याची व्यवस्था आधीच बोलून ठेवा. धनुर्वाताचा बूस्टर विण्याआधी महिनाभर, म्हणजे चिकातून शिंगरालाही संरक्षण मिळतं. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी आपल्याकडे घोडी हलवताना मागतातच. ती कटकट समजू नका. तो रोग निघाला तर घोडं मारावं लागतं आणि बाकीच्यांची ये-जा थांबते.

विण्याचा महिना हा तुमच्या स्पर्धेचा महिना नव्हे, हे मनाशी पक्कं करा. घोड्या बहुतेक रात्रीच वितात, आणि माणूस चहाला उठला की नेमक्या तेव्हाच, असा आमच्यातला जुना अनुभव. कास तटतटते, सडांच्या टोकाला पिवळसर मेणासारखे थेंब धरतात, शेपटीच्या बुडाशी मांस सैल पडतं. मग कधी त्याच रात्री, कधी चार दिवसांनी. एकदा कळा सुरू झाल्या की वीस-तीस मिनिटांत बाजी आटपते, त्यामुळे 'व्हेट येईपर्यंत थांबू' याला वाव नसतो. आधी पांढुरकी, पाण्याने भरलेली पिशवी दिसायला हवी. तिच्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी पुढे आली, तर वार आधी सुटली आहे आणि आत शिंगराचा श्वास कोंडतोय. ती पिशवी तिथल्या तिथे कापून शिंगरू ओढायचं. हे कोण करणार? तुम्ही मीरतला क्रॉस-कंट्रीचा कोर्स चालत असाल, तर रात्री दोन वाजता तिथे उभा असलेला माणूस हे करू शकतो का? नसेल, तर त्या महिन्यात तुम्ही घरी.

पुढचा हिशेब आमच्याकडे एक-दोन-तीन असा शिकवतात: तासाभरात शिंगरू उभं, दोन तासांत अंगावर पितं, तीन तासांत वार पडलेली. वार अडकली तर ओढू नका, व्हेट बोलवा. गाय-म्हशीची वार दिवसभर राहिली तरी निभावतं, घोडीला मात्र त्यातून खुरांपर्यंत विष पसरतं. चीक पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा, कारण चोवीस तासांनंतर शिंगराचं आतडं त्यातली प्रतिकारशक्ती घेईनासं होतं. शंका असेल तर दुसऱ्या दिवशी रक्ताची आयजीजी (प्रतिकारद्रव्यांची) तपासणी करून घ्या.

वाढवणं हा यातला सर्वांत लांबलचक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. विकत घेतलेल्या घोड्यात दुसऱ्याने केलेल्या चुका येतात, घरच्या शिंगरात तुमच्या. पायाची ठेवण बघायची वेळ फार थोडी असते. फेटलॉकपाशी, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्यापाशी, वाकडेपणा असेल तर पहिल्या दोन महिन्यांतच सुधारतो, गुडघ्यापाशी असेल तर चार-सहा महिने मिळतात, कारण हाडांच्या वाढीच्या पट्ट्या त्या-त्या वयानंतर मंदावतात. म्हणून नालबंद दुसऱ्या महिन्यापासून, दर चार-पाच आठवड्यांनी. 'अजून कोवळं आहे, वर्षानंतर बघू' म्हणणारा नालबंद बदला.

चंदीच्या बाबतीत आपल्याकडची सवय घातक आहे. हरभरा आणि गव्हाचा कोंडा भिजवून घालायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण कोंड्यात कॅल्शियमच्या जवळपास दहापट फॉस्फरस असतो, आणि वाढत्या शिंगराला नेमकं उलट, म्हणजे फॉस्फरसच्या दीड ते दोनपट कॅल्शियम लागतं. नुसत्या कोंड्या-हरभऱ्यावर वाढलेल्या शिंगराच्या हाडांतून कॅल्शियम निघून जातं, जबड्याची हाडं फुगून तोंड मोठं दिसायला लागतं, चाल अडखळते, आणि मालक सांगतो की 'अंगाने कसं भरलंय बघा'. लसूणघास कॅल्शियमने भरलेला असतो, पुरंदरात पाणी असेल तर तो लावा आणि आहार त्यावर उभा करा. ओट घाला, कोंडा मूठभर चवीपुरता. कडबा चघळायला ठीक, पण त्यावर पोट भरलं की शूळ ठरलेला. कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यांपासून लांब ठेवा. किराळ लागणं (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) गुरांच्या बाबतीत तुम्हाला माहीतच आहे, घोड्यांनाही ज्वारीचा त्रास होतो, आणि हिरव्या ज्वारीवर खूप दिवस राहिलेल्या घोड्याच्या मागच्या अंगाचा तोल जाऊ शकतो. दुसऱ्या टोकाला, दाणा ओतून शिंगरू लवकर मोठं करू नका. फार वेगाने वाढलेल्या अंगात सांध्यांची कूर्चा कच्ची राहते.

जागा किती यापेक्षा कसली, हे महत्त्वाचं. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात पाय रुतेल असा चिखल. त्यापेक्षा चढउताराचा मुरमाड माळ बरा, त्यावर धावून पाय घडतात, खूर टणक होतं. कुंपणाला काटेरी तार असेल तर शिंगरू आणण्याआधी ती काढा. कापलेले पाय मी पाहिले आहेत ते बहुतेक तिच्यामुळेच. आणि एकटं शिंगरू वाढवू नका. सोबत्याशी धसमुसळेपणा केल्याशिवाय त्याला अंगाचं भान येत नाही. आणि माणसांतच वाढलेलं घोडं पुढे माणसावरच धावून येतं. शेजारच्या कुणाचं शिंगरू असेल तर दोन्ही एकत्र वाढवा, खर्च वाटून घ्या. आयर्लंडमध्ये शेतकरी एक-दोन घोड्या राखून असंच करतात, आणि जगातली कितीतरी इव्हेंटिंगची घोडी त्या लहान शेतांवरून येतात.

तिसऱ्या वर्षी सहा-आठ आठवडे हलकं काम, खोगिराची ओळख, मग पुन्हा मोकळं. चौथ्या वर्षी रपेट, ओढ्यातून चालणं, जमिनीवरच्या बांबूंवरून दुडकी. पाचव्या वर्षी पहिली लहान स्पर्धा. फ्रान्समध्ये ल लियाँ दांझे इथे तरुण घोड्यांची जागतिक स्पर्धा सहा आणि सात वर्षांच्या घोड्यांसाठी असते. तिथवर पोचणारी घोडीही पाचव्या वर्षापर्यंत फारशी ताणलेली नसतात. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालूच असते.

यावरून पैशाचा हिशेब तुम्हीच करा. शिंगरू बसण्याजोगं होईपर्यंत चार वर्षं नुसती खर्चाची बाजू भरायची. तेवढ्याच काळात पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेलं चार-पाच वर्षांचं निरोगी घोडं त्या खर्चाच्या काही अंशात मिळतं. 'मला पुढचं स्पर्धेचं घोडं हवंय' एवढाच हेतू असेल, तर पैदास करू नका. माझं हे मत काहींना आवडत नाही. पण या रक्ताची, या स्वभावाची ओळ पुढे न्यायची आहे आणि शिंगराच्या मागे माळावर फिरण्यात तुम्हाला खरंच गोडी आहे, तर मग करा. एकच, फार तर तीन वर्षांतून एक.

घोडी रजेवर असताना तुम्ही काय खेळणार, हे आज ठरवा. रेसमधून आलेलं दुसरं घोडं आत्ताच घ्या, ते घोडीच्या शेवटच्या हंगामात तिच्याबरोबर प्रवास शिकेल आणि पुढच्या हंगामात तुमच्या बुडाखाली असेल. दोन वर्षं न खेळता परतलेला स्वार मी पाहिलाय. घोडीचा दम चार-पाच महिन्यांत येतो, स्वाराची नजर आणि क्रॉस-कंट्रीचं धाडस यायला जास्त लागतात.

वळूबद्दल तुम्ही मारवाडीचं विचारलंत. सारंगखेड्याच्या यात्रेत मन भुलतं हे खरं. त्याची खुरं आणि काटकपणा अव्वल. पण उंच मान, आखूड पट्ट्याची चौखूर चाल हे तुमच्या घोडीला जोडून मिळेल ते लहान उंचीवर छान खेळेल, वरच्या पातळीला कमी पडण्याची शक्यता जास्त. मी थरोब्रेडच बघेन: कागदावर जिंकलेल्या रेसपेक्षा जास्त वर्षं धावलेला, शांत डोक्याचा, उत्तम खुरांचा. परदेशी फ्रोझन वीर्याचा विचार सध्या सोडा. परवान्यांची वाट बघण्यात माज निघून जाईल, आणि ते वापरताना ओव्ह्युलेशनच्या आसपास सहा-सहा तासांनी व्हेट लागतो.

फेब्रुवारीत, हंगाम संपायच्या आत, व्हेटकडून तिच्या गर्भाशयाचं अल्ट्रासाउंड आणि स्वॅब करून घ्या, आणि चारही पायांचे एक्स-रे काढून ठेवा. दोन्ही रिपोर्ट स्वच्छ आले तर मार्चच्या पहिल्या माजाला नुसतं टिपून ठेवा, दुसऱ्याला भरवा. रिपोर्ट आले की कळवा, वळूंची नावं त्यानंतर बघू.